चा येनच्या नारंगी रंगाचा माग: सहावा आठवडा

या आठवड्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट गॅस न पेटवताच हाती लागली. काचेच्या दोन पेल्यांत फ्रीजमधलं गार पाणी घेतलं. एकात पुण्याहून आणलेली साधी सीटीसी, म्हणजे बारीक दाण्याची चहा पावडर चिमूटभर टाकली, दुसऱ्यात इथल्या बाजारातल्या लाल पाकिटातलं थाई चहाचं मिश्रण. सीटीसीचे दाणे बराच वेळ तरंगत राहिले, दोनेक मिनिटांनी खाली जेमतेम फिकट तपकिरी झाक आली. थाई मिश्रण मात्र पाण्याला टेकलं आणि सुटलंच. एकेका कणाखालून नारंगी धागा निघाला, वळसे घेत तळाशी गेला, आणि अर्ध्या मिनिटात पेला संत्र्याच्या सरबतासारखा दिसायला लागला. वास घेतला तर व्हॅनिलाचा. घोट घेतला तर तुरटपणा नावालाही नाही. चहा अजून पानातच होता आणि रंग कधीच बाहेर आला होता.

चा येन, म्हणजे इथला दूध घातलेला बर्फाचा चहा, इतका नारंगी कशाने होतो? बँकॉकला आल्यापासून या प्रश्नाने मला पछाडलंय आणि त्याचं अर्धं उत्तर त्या पेल्यात होतं. चा येनचा रंग आणि चा येनची चव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोन वेगळ्या वाटांनी येतात आणि पेल्यात एकत्र भेटतात. पहिले पाच आठवडे मी त्या एकच धरून चालले होते. घरी तसा रंग आणायला पत्ती वाढव, वेळ वाढव, आच बदल, असं सगळं करून झालं आणि दर वेळी हाती आला तो छान कडक तपकिरी चहा.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. ‘चा’ म्हणजे चहा, ‘येन’ म्हणजे थंड. (आपलं चहा, गावाकडचं च्या आणि थाई चा, तिन्हींचं मूळ चिनी शब्दात आहे. पहिल्या दिवशी चहाच्या गाडीवर ‘चा’ ऐकलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं होतं.) दूध घातलेला बर्फाचा चहा तो चा नोम येन, पण गाडीवर नुसतं चा येन म्हटलं तरी दुधाचाच मिळतो. कोरा हवा असेल तर चा दाम येन, लिंबाचा हवा असेल तर चा मनाव. सगळीकडे दिसणारी छाप म्हणजे ‘चा त्रा मू’. त्रा म्हणजे छाप, मू म्हणजे हात. डब्यावर अंगठा वर केलेला हात असतो आणि 1945 हे साल. पत्ती आसामी जातीची. उत्तर थायलंडच्या डोंगरात ही झाडं पूर्वापार आहेत, आणि तिथली माणसं तिची पानं मुरवून ‘मियांग’ म्हणून चघळतात. पानाचा चहा करून पिण्याआधीपासूनची ती सवय.

पाकिटावर बारीक अक्षरात रंगाचं नाव आहे: सनसेट यलो एफसीएफ, आयएनएस 110 (हा त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक). हा कृत्रिम रंग पाण्यात झटकन विरघळतो, म्हणून गार पाण्यातसुद्धा धागे सुटले. आपल्याकडे चहा पावडरीत रंग घालणं ही भेसळ धरली जाते. ती ओळखायची घरगुती चाचणी आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) सांगितलेली आहे: गाळणकागदावर पत्ती पसरून पाणी शिंपडायचं, मग कागद नळाखाली धुवायचा आणि उजेडात धरून डाग पाहायचे. तीच मी इथे लावली. सीटीसीचा कागद जवळजवळ कोरा राहिला. थाई मिश्रणाच्या कागदावर प्रत्येक कणाभोवती शेंदरी कडं उमटलं. इथे मात्र रंग लपवलेला नाही, तो त्या पदार्थाचाच भाग म्हणून नावानिशी छापलेला आहे. माझ्या मते हा फरक महत्त्वाचा आहे.

आता चहाचा स्वतःचा रंग. काळ्या चहात पान कुस्करल्यावर हवेशी संयोग होऊन दोन प्रकारची द्रव्यं तयार होतात. थिआफ्लेविन सोनेरी-नारंगी असतात, थिआरुबिजिन लालसर तपकिरी. दुसरी पुष्कळ जास्त असतात, म्हणून कोरा चहा तांबूस दिसतो. त्यात दूध पडलं की दुधातल्या स्निग्धाचे आणि केसिन या प्रथिनाचे बारीक कण प्रकाश चहूकडे विखुरतात आणि पेला अपारदर्शक होतो. मग द्रव्यांनी कोणता प्रकाश गिळलाय त्यावर आपल्याला दिसणारा रंग ठरतो. थिआरुबिजिन निळ्यापासून पुढे सगळीकडेच थोडंथोडं गिळतं, त्यामुळे उरतो तो मळकट तपकिरी. सनसेट यलो नेमका निळा आणि निळसर हिरवा भाग गिळतो आणि पिवळा, नारंगी, लाल जवळजवळ तसाच परत पाठवतो. म्हणूनच तो झगमगीत नारंगी. कोऱ्या चा दाम येनमध्ये हा रंग गडद लालात दडलेला असतो, दुधाची धार पडली की वर येतो. गाडीवर उभं राहून हे बघणं मला अजूनही आवडतं. बर्फावरून पांढरी धार खाली उतरते, मधेच तिची शेपटी फाटते आणि त्या फाटलेल्या जागी नारंगी उमलतो.

लिंबाची चाचणीही करा, दोन मिनिटांचं काम आहे. साध्या कोऱ्या चहात लिंबू पिळलं की रंग पटकन उतरतो, कारण थिआरुबिजिन आंबटपणात फिकं पडतं. थाई मिश्रणाच्या चहात लिंबू पिळल्यावर तपकिरी भाग उतरला आणि नारंगी तसाच राहिला. कृत्रिम रंगाला लिंबाने काही होत नाही. दोन्ही पेले शेजारी ठेवून बघितल्यावर रंगाचे दोन थर आयुष्यात पहिल्यांदा वेगळे दिसले.

रंगाच्या सुरक्षिततेबद्दल मागच्या वेळी विचारणा झाली होती. अन्नातल्या रंगांसारख्या घटकांची सुरक्षितता तपासणाऱ्या जागतिक तज्ज्ञ समितीने (जेक्फा) शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 4 मिलिग्रॅमपर्यंतची मर्यादा घालून दिली आहे. युरोपात 2010 पासून हा रंग असलेल्या पदार्थांवर, मुलांच्या लक्ष देण्यावर आणि चंचलपणावर परिणाम होऊ शकतो अशी सूचना छापावी लागते. मी स्वतः आठवड्यातून दोनदा पिते आणि घरी आलेल्या लहान मुलांना बिनरंगाचाच देते.

चवीचं काम जास्त नाजूक निघालं. थायलंडबाहेरच्या पाककृतींत चक्रीफूल, वेलची, दालचिनी, भाजलेले चिंचोके अशी यादी असते. मी एकेक करून घालून पाहिलं. चक्रीफूल अर्धी पाकळी जरी जास्त झालं तरी पेल्यात नुसतं तेच बोलतं. वेलचीने चहा थेट आपल्या घरी पोहोचला, छान लागला, पण चा येन राहिला नाही. चिंचोके मंद भाजून भरड करून घातले तेव्हा मात्र मी थबकले. एक धुरकट, खमंग बूड आलं, गाडीवरच्या चहाच्या शेवटच्या घोटासारखं. ते ठेवलं. बाकी सगळा खेळ व्हॅनिलाच्या वासाचा आहे. पाकिटात तो वास आधीच घातलेला असतो, आणि मसाल्यांची नावं माझ्या पाकिटावर नाहीतच.

दुधाचा वाटा मी कमी लेखला होता. इथे दोन डबे लागतात. नोम खोन वान म्हणजे गोड दाट दूध, आपलं मिल्कमेड म्हणतो ते, आणि नोम खोन च्युत म्हणजे बिनसाखरेचं आटवलेलं दूध. फ्रीज घरोघरी नसताना या उष्ण हवेत डब्यातलं दूधच टिकायचं, आणि चव त्याच्याभोवतीच घडत गेली. गोड दूध आटताना त्याला जो किंचित खरपूस, बासुंदीच्या कडेसारखा स्वाद येतो, तो ताज्या दुधात साखर घालून येत नाही. मी तीनदा प्रयत्न केला. शिवाय दुधातलं केसिन चहाच्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं. म्हणून भयंकर कडक काढलेला चहाही जिभेला मऊ लागतो. कडक काढायचाच असतो, कारण बर्फ वितळून पाणी होणार हे आधीच धरलेलं असतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावणाऱ्या मावशींना सगळे ‘पा’ म्हणतात, मीही म्हणते. पा म्हणजे आईवडिलांची थोरली बहीण. त्यांच्याकडे मी आता ‘पा, वान नॉय’ म्हणजे गोड कमी, एवढंच म्हणते आणि हात बघत उभी राहते. लांब कापडी पिशवीत, थुंग चामध्ये, पत्ती असते. ती पिशवी वर्षानुवर्षांच्या चहाने काळपट झालेली. एका टमरेलातून दुसऱ्यात चहा सहा-सात वेळा पिशवीतून ओतला जातो. मी घरी पत्ती भांड्यात ठेवून वरून झाकण घालायचे. पांनी मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी सांगितलं, झाकू नकोस, ओत. पुन्हा पुन्हा ओतल्याने तेच पाणी त्याच पत्तीतून परत परत जातं आणि चहा दाट होतो, पण तळात बसून राहिल्यासारखा कडसर होत नाही. फरक पहिल्याच दिवशी लागला. अशा गाड्यांवर आणि जुन्या दुकानांत सकाळी जमणाऱ्या बैठकीला थाईत ‘सफा काफे’ म्हणतात. सफा म्हणजे आपली सभाच, संस्कृतातून आलेली. चहा-कॉफीवर भरणारी सभा हा शब्द आपल्याकडच्या कट्ट्यांनाही शोभला असता.

बिनरंगाचा पण नारंगी दिसणारा चहा हे माझं मूळ ध्येय, आणि त्यात या आठवड्यात एक पाऊल पुढे पडलं. हळदीने पिवळा झाला आणि वास मारायला लागला. गाजराच्या रसाने गोडसर कच्ची चव आली. मग सिंदुरीच्या बिया घेतल्या. आपल्याकडे पिवळ्या लोण्याच्या पाकिटावर ‘अनाटो’ लिहिलेलं असतं, त्याच या बिया. थाईत झाडाला खम साएत म्हणतात. पाण्यात घातल्या तर रंग नीट सुटला नाही, कारण त्यातलं रंगद्रव्य, बिक्सिन, तेलात विरघळणारं आहे. म्हणून एक छोटा चमचा बिया पाव कप आटवलेल्या दुधात घालून अगदी मंद आचेवर दहा मिनिटं ठेवल्या. दुधातल्या स्निग्धाने रंग ओढून घेतला, दूध आंब्याच्या रसासारखं झालं. ते चहावर ओतलं तेव्हा पेला गाडीवरच्याइतका झगझगीत नव्हता, थोडा पिवळ्याकडे झुकलेला होता, पण तपकिरी नक्कीच नव्हता. मागे किंचित मिरीसारखा मातकट स्वाद येतो. बिया कमी करून तो झाकता येईल असं वाटतं.

सध्याचं प्रमाण असं: अर्धा लिटर पाणी उकळून आच बंद करून मिनिटभर थांबायचं. पिशवीत 30 ग्रॅम साधी आसामी पत्ती (बारीक दाण्याची सीटीसी नको, फार झोंबते), एक चमचा भाजलेल्या चिंचोक्यांची भरड आणि व्हॅनिलाची चिरलेली अर्धी शेंग. सहा वेळा ओतायचं, एकूण पाचेक मिनिटं. गरम असतानाच तीन मोठे चमचे गोड दूध ढवळायचं. पेला काठोकाठ बर्फाने भरून चहा ओतायचा आणि वरून दोन मोठे चमचे सिंदुरीचं दूध.

शनिवारी हा पेला पांना नेऊन दिला. त्यांनी आधी उजेडाकडे धरून पाहिला, मग नळीने न ढवळता वरचा थर प्यायला, मग ढवळून. चव चहाची आहे म्हणाल्या, आणि बोटाने माझ्या पेल्यावरून आपल्या टमरेलाकडे खूण करून रंगाच्या बाबतीत नकारार्थी मान हलवली. पुढच्या आठवड्यात बिया निम्म्या, आणि दूध गार झाल्यावर गाळून बघणार आहे.