चार अर्ज, एक टपाल शाखा

मुलगा माझ्या ऑफिसात आला तो पावलांच्या बाहेरच्या कडांवर चालत, तापलेल्या फरशीवर लहान मुलं चालतात तसा. चपला हातात. मागून त्याची आई, म्हणजे दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात तळमजल्यावर राहणाऱ्या काकू. त्यांनी पिशवीतून एसएसजी हॉस्पिटलचा केसपेपर काढला, टेबलावर हाताने सपाट केला आणि म्हणाल्या, "काय लिहिलंय ते मला सांगू नकोस. बरोबर लिहिलंय का, तेवढं सांग."

बरोबर लिहिलं होतं. दोन्ही तळव्यांवरची सूज, वळांची मापं, आणि 'पोलिसांनी काठीने मारल्याचं पेशंट सांगतो' हे वाक्य. रात्रपाळीच्या त्या डॉक्टरला मी मनात नमस्कार केला. या एका ओळीची किंमत काय असते ते वकिलालाच ठाऊक. पुष्कळ केसपेपरांवर तिच्या जागी 'पडून इजा' असतं.

मुलगा टेम्पो चालवतो. बडोद्यापासून तास-दीड तासावर, शेजारच्या एका जिल्ह्यात माल उतरवायला गेला आणि दोन खोकी कमी भरली. (ती नंतर त्याच व्यापाऱ्याच्या दुसऱ्या गोदामात निघाली, पण तो विषय नाही.) तिथल्या पोलीस ठाण्यात संध्याकाळी 'पूछपरछ'साठी, म्हणजे चौकशीसाठी बोलावलं, दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. अटक नाही, मेमो नाही, घरी फोन नाही. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की अटकेचा मेमो करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या, नातेवाइकाला कळवा. पण अटकच दाखवली नाही तर मेमो कशाचा करणार? चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करण्याचा नियमही असाच बगलेत जातो. वीस वर्षांच्या वकिलीत ही युक्ती मी इतक्यांदा पाहिली आहे की आता रागही वेळेवर येत नाही.

ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालानुसार २०१३ पासून दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवणं बंधनकारक आहे, हे मी तिथल्या ठाणे अंमलदाराला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "हा बेन, बराबर," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्ज लिहायला बसले. पहिला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३(४) खाली: ठाणं ऐकत नसेल तर तक्रारीचा मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवायचा. दुसरा जिल्हा पोलीस तक्रार प्राधिकरणाला. तिसरा ठाण्यातल्या सीसीटीव्ही फुटेजसाठी, जिल्हा देखरेख समितीला. परमवीर सिंग सैनी निकालात, डिसेंबर २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, अगदी लॉकअप आणि कॉरिडॉरमध्येसुद्धा कॅमेरे लावायला सांगितले आणि फुटेज अठरा महिने, ते जमत नसेल तर निदान वर्षभर जपायला सांगितलं. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी मात्र ठाण्याच्या प्रमुखावरच. चौथा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे.

माझे कारकून, आम्ही त्यांना दादा म्हणतो, पाकिटांवर पत्ते घालत होते. पहिल्यावर अधीक्षक. दुसऱ्यावर प्राधिकरणाचे अध्यक्ष, म्हणजे पुन्हा अधीक्षक. तिसऱ्या समितीत कलेक्टर, जिल्हा पंचायतीचे अध्यक्ष आणि अधीक्षक. दादांनी पेन खाली ठेवलं. "ताई, एकाच पाकिटात घालू का? टपालाचे पैसे तरी वाचतील."

मी हसले, आणि काकू तिथेच बसल्या आहेत हे लक्षात आल्यावर गप्प झाले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "म्हणजे सासूची तक्रार सासऱ्याकडे," त्या म्हणाल्या. "आणि सासरा वाईट असेल असंही नाही. पण जेवायला तो तिच्याच हातचं जेवतो."

इथे थोडं मागे जायला हवं. हे तक्रार प्राधिकरण मुळात असं नव्हतं. उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंग १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. पोलिसांवर बाहेरच्या माणसाची नजर हवी, ही मागणी एका पोलिसाच्याच याचिकेतून पुढे आली, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. २२ सप्टेंबर २००६ च्या निकालात सात आदेश आहेत. सहावा तक्रार प्राधिकरणाचा: जिल्ह्यात निवृत्त जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष, राज्यात उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, आणि शिफारस बंधनकारक. मग राज्यांनी आपापले कायदे केले. गुजरातने २००७ साली मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती केली आणि जिल्ह्याच्या प्राधिकरणावर अध्यक्ष म्हणून पोलीस अधीक्षक बसवले. सोबत अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, एक पोलीस उपअधीक्षक आणि दोन आमदार. पाटी लागली, निवृत्त न्यायाधीश तेवढे गळले. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने निदान राज्य पातळीवर उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती बसतात. पुण्यात वकिली करणाऱ्या माझ्या मामेभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आमच्याकडे खुर्ची बरी आहे. कर्मचारी विचारू नकोस."

पाकिटं टपालाने न पाठवता मी स्वतःच न्यायची ठरवली. काकू आणि मुलगा गाडीत मागे. वाटेत काकूंनी उपम्याचा डबा उघडला. कोणीच खाल्लं नाही.

जिल्हा पोलीस कार्यालयात आवक टेबलावरच्या माणसाला तक्रार प्राधिकरणाचा अर्ज द्यायचाय म्हटलं, तर तो म्हणाला, "कई कमिटी, बेन?" कोणती कमिटी, हेच त्याला ठाऊक नव्हतं. मी कलम दाखवलं. त्याने शेजारच्याला विचारलं, शेजारच्याने आतल्याला. पंधरा-वीस मिनिटांनी एक रजिस्टर आलं. कव्हर चढवलेलं, कोपरेसुद्धा न मुडपलेलं. माझ्या अर्जाची नोंद पहिल्याच पानावर झाली. आतापर्यंत कोणाची तक्रारच नव्हती, की कोणाला हे रजिस्टर आहे हेच ठाऊक नव्हतं?

अधीक्षकांनी आम्हाला बोलावलं, हे मला अपेक्षित नव्हतं. तरुण माणूस. अर्ज उभ्याउभ्याच पूर्ण वाचला. मग मुलाला म्हणाले, "जरा चालून दाखव." मुलगा टेबलापासून दारापर्यंत चालला, परत आला, तसाच कडांवर. अधीक्षक त्याच्या पावलांकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा मला खोटा वाटला नाही, आणि हेच मला सगळ्यात जड गेलं. उर्मट माणूस असता तर काम सोपं होतं.

त्यांनी चहा मागवला, घंटी वाजवून उपअधीक्षकांना चौकशी करायला सांगितलं. त्या ठाण्याचं गुन्हे शोधण्याचं प्रमाण अधीक्षकच महिन्याला तपासतात, तिथल्या निरीक्षकाचा गोपनीय अहवाल तेच लिहितात, वर्षभर बंदोबस्त त्याच माणसांच्या जिवावर पार पाडतात. उपअधीक्षक तर प्राधिकरणाचे सदस्यही. अशा वेळी निवाडा द्यायला बसवलेल्या माणसाचा स्वभाव चांगला आहे की नाही, यावर काकूंच्या मुलाचे तळवे का अवलंबून असावेत?

निघताना मी विचारलं, "साहेब, हा अर्ज आपण अधीक्षक म्हणून घेतलात की अध्यक्ष म्हणून?"

ते थोडं हसले. "दोन्ही. टपाल शाखा एकच आहे."

परतताना गाडी सूरसागरजवळ अडकली. समोर न्यायमंदिराची इमारत. २०१८ मध्ये कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं, तरी आमच्या पिढीच्या वकिलांची मान अजून तिकडे वळते. आयसीएस अधिकारी आणि आर्थिक इतिहासकार रमेशचंद्र दत्त १९०४ साली सयाजीराव महाराजांकडे कामाला आले. त्या काळात बडोदे संस्थानाने न्यायदान आणि कारभार वेगवेगळे केले, ब्रिटिश मुलखात कलेक्टरच मॅजिस्ट्रेटही असे तेव्हा. वर्गात हे आम्ही घोकलं होतं. त्या दिवशी ते आठवून मला चक्क लाज वाटली, कोणाची ते सांगता येत नाही.

मॅजिस्ट्रेटकडच्या अर्जावर माझी सगळी भिस्त होती. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत कलम १७५(४) आहे. सरकारी नोकराविरुद्ध, काम बजावताना घडलेल्या गोष्टीबद्दल तक्रार असेल, तर तपासाचा आदेश देण्याआधी मॅजिस्ट्रेटने त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवायचा आणि त्या नोकराचंही म्हणणं विचारात घ्यायचं. मारहाण हे कामच नव्हे, असा युक्तिवाद मी तासभर केला. मॅजिस्ट्रेटनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि अहवाल मागवला. कोणाकडून, ते लिहायला नको.

फुटेजचं उत्तर सगळ्यात आधी आलं: पावसात डीव्हीआर, म्हणजे फुटेज साठवणारं यंत्र, बिघडला, दुरुस्तीला दिलाय, त्या रात्रीचं रेकॉर्डिंग उपलब्ध नाही. मी राज्य मानवी हक्क आयोगाकडे गांधीनगरला अर्ज टाकला, कारण सैनी निकालाप्रमाणे आयोगही फुटेज मागवू शकतो. तो प्रलंबित आहे.

मग सात आठवड्यांनी एकाच दिवशी दोन पत्रं आली. एकात प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी कळवलं होतं की तक्रारीची चौकशी झाली, अहवाल पुढील कार्यवाहीसाठी पोलीस अधीक्षकांकडे पाठवण्यात येत आहे. दुसऱ्यात पोलीस अधीक्षकांनी कळवलं होतं की अध्यक्षांचा अहवाल मिळाला, तो विचाराधीन आहे. जावक क्रमांक एकापाठोपाठचे. सही एकच, शाईही.

काकू दुपारी आल्या. दोन्ही कागद चष्मा लावून शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मुलगा आता नीट चालतो, फक्त त्या रस्त्याची भाडी घेत नाही.

"यातला कुठला जपून ठेवायचा?" त्यांनी विचारलं.

मी दोन्ही दादांकडे दिले. त्यांनी पंचिंग मशीन काढलं.