तुम्ही विचारलंत म्हणून: आमचा पूर अलमट्टीमुळेच येतो का?

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातली आहे म्हटलं, की समोरचा माणूस हमखास विचारतो, "तुमच्याकडचा पूर अलमट्टीमुळेच ना?" अलमट्टी म्हणजे आमच्या खालच्या अंगाला, कर्नाटकात कृष्णेवर असलेलं धरण; तिथे पाणी अडवलं की ते मागे आमच्याकडे फुगतं, असा तो आरोप. विचारणाऱ्याला आमची काळजी असते, म्हणून नुसतं 'हो' म्हणून विषय मिटवावासा वाटत नाही. २०१९चा महापूर अलमट्टीने आणला असं मला वाटत नाही. तो आमच्याच घाटमाथ्यावर जन्मला आणि आमच्याच सपाट रानात तुंबला.

त्या वर्षी जून जवळपास कोरडा गेला. पाऊस उशिरा आला आणि आला तो थांबेचना. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं, तसा अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांना जोर चढला. ते वारे सह्याद्रीला धडकत राहिले आणि गगनबावडा, राधानगरी, कोयना, महाबळेश्वर या पट्ट्यात दिवसरात्र पाऊस कोसळला. जमीन आधीच पिऊन तृप्त झालेली. शंभरावर टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) कोयना धरणही भरत आलेलं, त्यामुळे येणारं पाणी खाली सोडण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, की आमच्याकडे फोनवर फोन येतात. ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला गेलं की दाबाने आपोआप उघडतात, तिथे कुणाचा हुकूम लागत नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट पाणी), म्हणजे सातही उघडले तरी दहा हजारांच्या आसपास. महापुरात कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरून वाहणारं पाणी त्याच्या कित्येक पट असतं. उरलेलं येतं कुठून? धरणांच्या खालच्या मोकळ्या डोंगरउतारांवरून, ओढ्यानाल्यांतून. त्याला अडवायला दरवाजाच नाही. ही गोष्ट बातम्यांत फारशी येत नाही.

आता खरी मेख. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येऊन पंचगंगा होते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. वर सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेत आलेली असते. कोयनेचं पाणी त्याआधीच, कराडला. सगळ्या एकाच आठवड्यात भरून आल्या, की वाडीला कृष्णा इतकी चढलेली असते की पंचगंगेला आत शिरायला वाव राहत नाही. मग ती मागे फुगते. शिवाय इथे नदीला उतार असा जवळपास नाहीच. म्हणून आमच्याकडे वर लख्ख ऊन असतं आणि पाणी मात्र गल्लीत चढत असतं. पाण्याच्या कडेला काठी रोवून लोक रात्रभर बॅटरी मारून बघतात. "बोटभर चढलं", "थांबलंय", "उतरायला लागलं", एवढंच बोलणं चालतं. शिरोळात वर्षाला पाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आम्हाला बुडवतं ते दुसऱ्यांच्या डोंगरावरचं पाणी.

कोल्हापुरात धोका पातळी ४३ फूट, त्या वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. सांगलीत आयर्विन पुलाशी धोका पातळी ४५ फूट, तिथे कृष्णा ५७ फुटांच्या वर. २००५च्या पुराची खूणही पाण्याखाली गेली. शिरोलीजवळ महामार्ग अनेक दिवस बंद होता. ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली, ती गोष्ट आठवली की आजही बोलवत नाही.

पुराची कारणं शोधायला महाराष्ट्र सरकारने नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही अलमट्टीला मुख्य कारण ठरवलं नाही. याचा अर्थ अलमट्टीत पाणी साठवायची पातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायला माझी हरकत नाही, असा नव्हे. माझा त्याला विरोधच आहे. जिथे नदी आधीच मुश्किलीने पुढे सरकते, तिथे खालच्या अंगाला पाणी आणखी उंच करायचा धोका कुणी का पत्करावा? पण सगळं बोट तिकडेच दाखवलं, की घरचे प्रश्न कुणी विचारत नाही. पूररेषेच्या आत घरं, कार्यालयं, दुकानं उभी राहिली, त्यांना परवानगी कुणी दिली? महामार्गाच्या भरावाखालून पाणी जायला पुरेशा मोऱ्या आहेत का? घाटावर अतिवृष्टीचा इशारा मिळाल्यावर कोणत्या धरणात किती जागा रिकामी ठेवायची, हे महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून पावसाळ्याआधी ठरवतात का? पुढच्या वेळी कुणी आमदार, कुणी अधिकारी भेटला तर हे तिन्ही त्यांना विचारा.