आधी स्टँड बघा, मग किटली

जुन्या घाटाची चांदीची किटली समोर आली की बहुतेकांची नजर पोटावरच्या नक्षीत अडकते. मी आधी खाली वाकून स्टँड बघते. खरी कारागिरी तिथे असते, आणि लबाडीही तिथेच पकडता येते.

इंग्लंडमध्ये राणी ॲनच्या काळात, म्हणजे 1702 ते 1714 दरम्यान, चहा फार महाग होता आणि चहाच्या भांड्यात जेमतेम काही कप मावत. घरची बाई पाहुण्यांसमोर स्वतः चहा करी, म्हणून गरम पाणी तिच्या हाताशी लागे. पाणी स्वयंपाकघरात उकळून आणायचं आणि किटलीखालच्या स्पिरिटच्या दिव्यावर गरम ठेवायचं. स्पिरिटची काजळी धरत नाही, त्यामुळे चांदीचं बूड काळं होत नसे.

त्या काळातला साधा, नासपतीच्या घाटाचा नमुना मला सगळ्यात देखणा वाटतो. पुढे घाट उलटा झाला, वर रुंद आणि खाली निमुळता, वर फुलापानांची गर्दी. अशा किटलीचा भार वरच्या अंगाला येतो, म्हणून स्टँडचे पाय चांगले फाकलेले हवेत. हल्लीच्या नकलांमध्ये नक्षी हुबेहूब असते, पण पाय आखूड ठेवलेले दिसतात. मला ते अजिबात पटत नाही. खाली ज्योत आणि वर गरम पाणी असताना भांडं डुगडुगून कसं चालेल?

1760 नंतर तोटीचे मोठे चहापात्र आले आणि किटली मागे पडली. व्हिक्टोरियाच्या काळात ती परतली ती झुलत्या स्टँडवर. ही युक्ती मला मनापासून आवडते. किटली दोन खिळींनी स्टँडला जोडलेली असते. मागची खिळ काढली की ती पुढच्या खिळीवर कलते आणि न उचलता पाणी ओतता येतं. दोन्ही काढल्या की अख्खी किटली हातात. खिळी हरवू नयेत म्हणून त्यांना बारीक साखळ्या असतात. घेताना त्या साखळ्या आधी तपासा. खिळीच्या जागी तार खुपसलेली दिसली तर सावध व्हा.

मग इंग्रजी चांदीवर मारलेले ठसे. सिंहाचा ठसा म्हणजे 92.5 टक्के चांदी, जहाजाच्या नांगराचा म्हणजे तपासणी बर्मिंगहॅमची, आणि अक्षरावरून वर्ष कळतं. किटली, स्टँड आणि दिवा, तिन्हींवर ठसे शोधा. अक्षरं जुळली नाहीत तर जोडी बहुधा नंतर जमवलेली. दिवा सुटा असल्यामुळे तोच आधी हरवतो. ‘ईपीएनएस’ अशी अक्षरं असतील तर निकेलच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा आहे. त्यात कमीपणा काही नाही, फक्त रोज घासू नका, मुलामा झिजतो.

मुठीला वेताची वीण किंवा लाकूड का, हेही सांगते. सगळ्या धातूंत चांदीतून उष्णता सर्वांत झपाट्याने पसरते, नुसत्या चांदीची मूठ धरवणार नाही.

आणि दिवा पेटवून किटली कोरडी कधीही सोडू नका. आत पाणी आहे तोवर धातू शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी संपलं की सांधे धोक्यात. शुद्ध चांदी 960 अंशांच्या पुढे वितळते, पण सांधे जोडायला कथील-शिशाचा डाक वापरला असेल तर तो 200 अंशांच्या आसपासच सुटतो आणि तोटी हातात येते.