तुम्ही विचारलंत म्हणून: बाळाला दुसऱ्या दवाखान्यात न्यायला वेगळं काय शिकायचं?

"डॉक्टर शिकलेले, सिस्टर शिकलेल्या, गाडीत ऑक्सिजन आहे. मग अत्यवस्थ बाळाला एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात न्यायला वेगळं प्रशिक्षण कशाला?" हा प्रश्न आम्हाला नातेवाईक विचारतात, दवाखान्यांचे विश्वस्त विचारतात, आणि आमच्या प्रशिक्षणवर्गाच्या पहिल्या तासाला काही डॉक्टरही विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

अतिदक्षता कक्षात ऑक्सिजन भिंतीतून येतो, वीज जात नाही, हाक मारली की चार माणसं धावून येतात. गाडीत एक डॉक्टर आणि एक सिस्टर असतात, सिलिंडर मोजका असतो आणि बॅटरी उतरत असते. मेळघाटात धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि रस्ता घाटाचा आहे. इंजिनाच्या आणि सायरनच्या आवाजात स्टेथोस्कोप लावून छातीत हवा जाते आहे की नाही हे कळत नाही. खड्ड्यांत ऑक्सिमीटर भलतेच आकडे दाखवतो. वॉर्डात डोळे मिटून श्वासनळीत नळी घालणारा कसबी हात वळणावर गुडघे टेकून तेच काम करायला गेला, तर चुकतो. म्हणून आमच्या प्रशिक्षणातला निम्म्याहून जास्त वेळ गाडीचं चाक फिरण्याआधीच्या तासावर जातो. रस्त्यात जे करावं लागेल असं वाटतं, ते निघण्याआधी करून घ्यायचं. दारात उभे असलेले नातेवाईक "लवकर काढा" म्हणत असताना तो तास शांतपणे वापरणं ही शिकवायला सर्वांत अवघड गोष्ट आहे.

नवजात बाळासाठी सुरुवात चार मोजमापांनी होते. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांनी मांडलेल्या 'टॉप्स' या मोजणीत हीच चार आहेत. शरीराचं तापमान ३६.५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी आहे का? ऑक्सिजनची पातळी ९० टक्क्यांच्या खाली आहे का? छातीच्या हाडावर बोट दाबून सोडल्यावर कातडीचा रंग परतायला ३ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो का? रक्तातली साखर ४० मिलिग्रॅमच्या खाली आहे का? यांतलं जितकं जास्त बिघडलेलं, तितका बाळ दगावण्याचा धोका जास्त. या चारही गोष्टी तालुक्याच्या दवाखान्यात मोजता येतात आणि बऱ्याच अंशी तिथेच सुधारताही येतात.

थंड पडलेलं बाळ घेऊन कधीच निघायचं नाही. इन्क्युबेटर आधी तापवून ठेवायचा, गाडीतला एसी बंद करायचा, टोपी आणि मोजे घालायचे, लंगोट ओला असेल तर बदलायचा. इन्क्युबेटर नसेल आणि बाळ स्थिर असेल, तर आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाच्या उघड्या छातीशी, कांगारू पद्धतीने, बाळ सुरक्षित जातं. त्या माणसाने पट्टा बांधून बसायला हवं. गरम पाण्याच्या बाटल्या शेजारी ठेवू नका, त्यांनी बाळाची कातडी भाजते. जन्मताना गुदमरलेल्या बाळाला मुद्दाम थंड ठेवावं का, हे हल्ली फार विचारलं जातं. पाश्चात्त्य देशांत ही उपचारपद्धत रुळलेली आहे. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या दवाखान्यांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या हेलिक्स चाचणीत तिचा फायदा दिसला नाही, उलट मृत्यू जास्त आढळले. त्यामुळे आपल्याकडे रस्त्यात स्वतःच्या मनाने बाळ थंड करायचं नाही. या बाळांना ताप चढू द्यायचा नाही, तापमान दर १५ मिनिटांनी पाहायचं आणि बाकी सगळं, बाळाला दाखल करून घेणाऱ्या केंद्राला विचारून करायचं.

साखरेचा हिशेब वर्गात प्रत्येकाकडून हाताने करून घेतो. साखर कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) किलोमागे २ मिली हळू द्यायचं, आणि लगेच मिनिटाला किलोमागे ६ मिलिग्रॅम साखर जाईल या वेगाने त्याच द्रावणाचं सलाईन चालू करायचं. बाळ अडीच किलोचं असेल तर मिनिटाला १५ मिलिग्रॅम, म्हणजे तासाला ९०० मिलिग्रॅम, म्हणजे १० टक्क्यांचं द्रावण तासाला ९ मिली. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर हा हिशेब करायचा आणि मग कागद शेजारी ठेवायचे. एकाने मांडलेलं दुसऱ्याने नुसतं वाचलं तर दशांशचिन्हाची चूक तशीच पुढे जाते, आणि ती चूक थेट दहापटीची असते.

आता श्वासनळीतल्या नळीबद्दल. रस्त्यातल्या संकटांत आम्हाला सगळ्यांत जास्त भीती हिची वाटते. पूर्ण दिवसांच्या बाळाची श्वासनळी जेमतेम ४ सेंटिमीटरची असते, त्यामुळे नळी एक सेंटिमीटर सरकली तरी ती एका फुप्फुसात उतरते किंवा बाहेर येते. ओठापाशी नळीवरचा किती सेंटिमीटरचा आकडा असावा याचा ढोबळ नियम वजन अधिक ६ असा आहे: २ किलोच्या बाळाला ८. फार छोट्या बाळांत हा नियम नळी थोडी खोल नेतो. हनुवटी छातीकडे झुकली की नळी आत जाते आणि मान मागे गेली की वर येते, म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावून डोकं मध्यात ठेवायचं. चिकटपट्टी लावण्याआधी ओठावरची लाळ पुसून कोरडी करायची. ओठापाशी किती आकडा आहे तो कागदावर लिहायचा, आणि प्रत्येक हलवाहलवीनंतर पुन्हा वाचायचा.

ती हलवाहलव हीच सर्वांत धोक्याची घडी. पाळण्यातून ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून गाडीत, आणि पोचल्यावर पुन्हा उलट. ज्याच्या हातात डोकं आणि नळी आहे तोच मोजतो: एक, दोन, तीन. बाकी सगळ्यांनी त्याच्या आवाजावरच उचलायचं. वर्गात ही एकच क्रिया आम्ही वीस-वीस वेळा करून घेतो, कारण दमलेल्या माणसाचं शरीर सवयीनेच वागतं.

गाडीत बाळ अचानक निळं पडलं, तर क्रम ठरलेला आहे. नळी सरकली का? नळी तुंबली का? छातीत हवा साठली का? यंत्र बिघडलं का? पहिलं काम व्हेंटिलेटर काढून अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, लावणं. छाती नीट उचलली गेली आणि रंग परतला, तर दोष यंत्रात किंवा ऑक्सिजनच्या पुरवठ्यात आहे. उचलली गेली नाही, तर दोष नळीत किंवा छातीत. आवाजात कान निकामी असतो, म्हणून श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र लावायचं, निदान रंग बदलणारी डबी तरी. जांभळ्याचा पिवळा झाला तर नळी योग्य जागी आहे. मात्र रक्ताभिसरण फार मंद असेल तर जागी असलेली नळीही रंग पिवळा करत नाही, हे लक्षात ठेवायचं. आणि बाळाची नळी पुन्हा घालायची वेळ आली तर गाडी थांबवायची. "गाडी थांबवा" हे शब्द कोणीही उच्चारावेत, चालकाने चर्चा न करता सुरक्षित जागी थांबावं, हे आधीच ठरलेलं असतं.

ऑक्सिजनचं गणित सोपं आहे, तरी चुका इथेच सर्वाधिक होतात. सिलिंडरची आतली क्षमता लिटरमध्ये घ्यायची आणि तिला मीटरवरच्या दाबाने (बार या एककात) गुणायचं. आपल्याकडच्या बी प्रकारच्या सिलिंडरची क्षमता १० लिटर असते. तो १५० बारला भरलेला असेल तर त्यात १,५०० लिटर ऑक्सिजन असतो, आणि काटा ७० वर असेल तर फक्त ७००. काही मीटर पीएसआयमध्ये असतात, तिथे आकड्याला १४.५ ने भागून बार काढायचे. आता प्रवास ४ तासांचा, म्हणजे २४० मिनिटं, आणि खर्च मिनिटाला ५ लिटर: गरज १,२०० लिटर. ती दुप्पट धरायची, २,४००. म्हणजे भरलेले दोन सिलिंडर हवेत. वेळ मोजताना बहुतेक जण फक्त गाडी चालण्याचा वेळ धरतात. वॉर्डातली भिंत सोडल्यापासून तिकडच्या भिंतीला जोडेपर्यंतचा सगळा वेळ मोजायला हवा, लिफ्टची वाट पाहण्यासकट. काही व्हेंटिलेटर स्वतः चालण्यासाठीही ऑक्सिजन खातात, तो खर्च वेगळा मांडायचा. सिलिंडर बदलायची चावी सिलिंडरलाच दोरीने बांधलेली असावी. अंबू बॅग नेहमी हाताशी ठेवायची, कारण ऑक्सिजन संपला तरी तिने साध्या हवेवर श्वास देता येतो.

बॅटरीबाबत यंत्राच्या खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. तो नव्या बॅटरीचा असतो. प्रत्येक मॉनिटर आणि सिरिंज पंप (सिरिंजमधलं औषध ठरलेल्या वेगाने देणारं यंत्र) पूर्ण चार्ज करून चालू ठेवायचा, बंद पडेपर्यंतची वेळ मोजायची आणि ती तारखेसह पट्टीवर लिहून यंत्रावर चिकटवायची. आमच्या वर्गाचा हा गृहपाठ असतो.

सिरिंज पंपाची एक खोच कोणत्याही पुस्तकापेक्षा प्रत्यक्ष दाखवल्यावर पटते. अ‍ॅड्रेनॅलिनसारखं रक्तदाब टिकवणारं औषध तासाला अर्धा मिली वेगाने चालू आहे आणि नव्या जोडनळीत १ मिली जागा रिकामी राहिली आहे. औषध बाळापर्यंत पोचायला दोन तास लागतील. तोवर रक्तदाब कोसळतो आणि सगळे कारण दुसरीकडे शोधत बसतात. म्हणून नळी आधी औषधाने पूर्ण भरायची, प्रवासाच्या पंपावर वॉर्डातच १५-२० मिनिटं औषध चालू ठेवायचं, आणि रक्तदाब टिकला तरच निघायचं. पंप बाळाच्या छातीच्या पातळीत पक्का बांधायचा. वर टांगलेला पंप औषध जास्त ढकलू शकतो, आणि सुटा पंप ब्रेक लागताच माणसाच्या अंगावर येतो.

काही आजारांत सर्वसाधारण समज घात करते. पोटातले अवयव छातीत गेलेल्या बाळाला मास्कने श्वास देऊ नका, जठर फुगून फुप्फुसं आणखी दबतात. नळी घालायची आणि जठरातली हवा काढत राहायची. अन्ननलिका जुळलेली नसलेल्या बाळाचं डोकं वर ठेवून वरच्या पिशवीतली लाळ सतत ओढून घ्यायची. हृदयाची जन्मजात नलिका उघडी राहण्यावरच ज्याचं रक्ताभिसरण चालतं, अशा बाळाला ती उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन हे औषध चालू केलं तर श्वास थांबू शकतो, त्याची तयारी ठेवूनच निघायचं. आणि अशा बाळाची ऑक्सिजनची पातळी १०० वर न्यायचा हट्ट धरायचा नाही.

मोठ्या मुलांत डेंग्यूचा शॉक, थांबत नसलेली फीट, डोक्याला मार यांच्या तालमी आम्ही घेतोच, पण कोकणातल्या तुकड्यांसाठी विंचूदंश हवाच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. किलोमागे ३० मायक्रोग्रॅम हे औषध तोंडाने, निघण्याआधी द्यायचं. हातपाय गार दिसले म्हणून शॉक समजून सलाईन ओतत गेलं, तर फुप्फुसात पाणी भरतं. ही चूक अगदी हुशार माणसाकडूनही होते, कारण इतर आजारांत तेच बरोबर असतं.

वर्ग कसा घेतो, तेही विचारता. चार जणांची तुकडी: डॉक्टर, सिस्टर, गाडीवरचा तंत्रज्ञ आणि चालक. चालकाला वगळून घेतलेलं प्रशिक्षण आम्ही अपुरं मानतो. वेग स्थिर ठेवणं आणि ब्रेक हळू लावणं हे त्याचं कौशल्य बाळाच्या मेंदूसाठी कामाचं आहे, विशेषतः दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळासाठी. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे, पण तिच्या प्रत्येक गाडीत नवजात बाळाचा सरंजाम असेल असं धरून चालता येत नाही, म्हणून बाळाच्या सामानाची पेटी वेगळी लागते आणि ती उघडून तपासायची सवय लागते. तालीम खऱ्या गाडीत, चालत्या गाडीत, शक्यतो रात्री. मध्येच आम्ही न सांगता सिलिंडर बंद करतो किंवा पंपाची वायर काढतो. किती वेळात लक्षात आलं ते नोंदतो. नंतर अर्धा तास बोलणं, आणि त्यात पहिला प्रश्न नेहमी सिस्टरना. तालमीत त्यांना बोलायची सवय झाली नाही, तर खऱ्या प्रवासात डॉक्टरची चूक दिसूनही त्या गप्प राहतात.

फोन करायचीही तालीम असते. आधी बाळाचं वजन, वय, आत्ताचा मुख्य त्रास. मग मागचं थोडक्यात. मग आपला अंदाज. मग नेमकी मागणी. खाट आहे असं नाव सांगून कोणी कबूल केल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

आणि आई. बहुतेक वेळा ती नुकतीच बाळंत झालेली असते आणि मागेच राहते. निघण्याआधी इन्क्युबेटर तिच्या खाटेपाशी न्यायचा, तिला बाळाला हात लावू द्यायचा. तिचा किंवा सोबत येणाऱ्याचा फोन नंबर, सहीचं संमतिपत्र आणि तिच्या रक्ताचा नमुना बाळाच्या कागदांसोबत न्यायचा. बाळाला रक्त द्यायची वेळ आली तर तपासणीसाठी तो लागतो. थोडा चीक काढता आला तर स्वच्छ डबीत, नाव आणि वेळ लिहून, थंड ठेवून सोबत घ्यायचा. पोचल्याबरोबर तिला फोन करायचा: बाळ पोचलं, तापमान इतकं आहे, अमुक सिस्टर सांभाळताहेत. हा फोन कोणी करायचा, ते निघण्याआधीच्या यादीत नावासह लिहिलेलं असतं.