हाताने जेवता, मग बोटं भाजत नाहीत?

व्हिएन्नाच्या ऑफिसात डबा उघडला की हा प्रश्न ठरलेला. पाठोपाठ दुसरा, जरा दबक्या आवाजात: "पण ते स्वच्छ असतं का?"

पहिल्याचं उत्तर सोपं. बोटांना आधी कळतं, म्हणून तर जीभ पोळत नाही. चमचाभर उकळतं सूप तोंडात घालून डोळ्यांत पाणी आणणारे लोक मी इथंच पाहिले. दुसऱ्या प्रश्नाने मात्र डोकं फिरतं. ट्रामचा दांडा धरून आलेली मंडळी त्याच हातांनी पाव मोडून खातात, तेव्हा स्वच्छतेचा विषय कुणाला सुचत नाही. आमच्या शहापूरच्या घरात हात-पाय धुतल्याशिवाय पानावर बसायची सोय नव्हती.

आणि विचारावं कुणी, तर व्हिएन्नाकरांनी! इथल्याच मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर मुडदे फाडून थेट बाळंतिणींकडे जायचे आणि बाया तापाने मरायच्या. शेजारच्या सुइणींच्या वॉर्डात त्या मानाने पुष्कळ कमी. 1847 मध्ये सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. आधी शंभरात दहाच्या आसपास बाळंतिणी दगावत होत्या, त्या 1848 मध्ये दोनच्याही खाली आल्या. तरी बड्या डॉक्टरांना ते पटेना. आमचे हात घाण कसे असतील, हा त्यांचा राग. बिचारा 1865 मध्ये इथल्याच वेड्यांच्या इस्पितळात गेला. हे सगळं मी जेवता जेवता ऐकवलं. कुणी वाद घातला नाही, माणसं सभ्य आहेत.

पाण्याचं कौतुक मात्र करायलाच हवं. 1873 पासून डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी थेट नळाला येतं. जानेवारीत त्याखाली हात धरला की बोटं आपली वाटत नाहीत. जंतू मरतात म्हणून लोक गरम पाण्याची वाट बघत उभे राहतात. मी थंड पाण्यातच साबण चोळते. काम साबण आणि चोळणं करतं, ऊब फक्त आपल्या सुखाला. मग त्याच गारठलेल्या हाताने शेकहँड करायचा, तोही डोळ्याला डोळा देऊन आणि दुसऱ्या दोघांच्या हातांवरून आपला हात आडवा न नेता. अपशकुन म्हणे! अंधश्रद्धा काय ती आपल्याकडेच असते.

परवा मांडे करतानाचा व्हिडिओ दाखवला. आपल्या मावश्या ती पातळ पारी दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवतात आणि पालथ्या खापरावर अलगद टाकतात. बघणारे गप्प झाले. मग एकीने विचारलं, "हातमोजे नाहीत?" अगं बाई, मोज्याने पारी फाटेल की! इथला दुकानदार मोजा घालून चीज कापतो आणि त्याच मोज्याने सुटे पैसे देतो, ते चालतं.

हल्ली मी ऑफिसात चमचा घेते, पण ते सिंक लांब पडतं म्हणून.

उजव्याच हाताने का, हेही सांगून झालं. डावा हात धुवायचा, उजवा जेवायचा. कागदाने पुसणाऱ्यांना हे पटायला वेळ लागला. त्यावर शेजारच्या टेबलावरच्या डावखुऱ्या गृहस्थांनी विचारलं, "मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?" चालतं की, म्हटलं. निपाणीच्या आत्याच्या डावखुऱ्या पोराने लहानपणी पंगतीत किती चापट्या खाल्ल्या, ते काही त्यांना सांगितलं नाही.