गुरूचा फोटो: सतरा सेकंदांचे सहा व्हिडिओ

ग्रहाचा फोटो एका क्लिकमध्ये येत नाही: दुर्बिणीतून छोटे व्हिडिओ घ्यायचे आणि त्यांतल्या उत्तम फ्रेम एकावर एक रचायच्या. त्यासाठी शहराबाहेरचं अंधारं आकाश लागत नाही. गुरू इतका तेजस्वी आहे की कोथरूडच्या दिव्यांनी त्याचं काहीच बिघडत नाही. बिघडवते ती तापलेली हवा. म्हणून मी आठ इंची डॉब (डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण; फोकल लेंग्थ १२०० मिमी) गच्चीवर नाही, अंगणात मातीवर मांडतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत ते बाहेर टाकत बसतो. शेजारच्या एसीचं युनिट गुरूच्या रेषेत असेल, तर त्या रात्री कॅमेरा काढूच नये.

आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला पाऊण तास तरी द्यावा. झाला की नाही, ते ताऱ्यावर कळतं. तेजस्वी तारा फोकसमधून थोडा हलवला की गोल चकती दिसते. तिच्यात धुरासारख्या संथ लाटा असतील तर उष्णता दुर्बिणीच्या नळीतली आहे, थांबावं. चकती एकाच दिशेने झरझर वाहत असेल तर तो वरचा वारा. त्याला इलाज नाही. त्याच चकतीतली वलयं एककेंद्री दिसेपर्यंत कॉलिमेशनचे (आरसे एका रेषेत आणण्याचे) स्क्रू फिरवायचे. लेझर वापरा, पण तो स्वतःच वाकडा असू शकतो. शेवटचा निकाल ताऱ्याचा.

एफ-रेशो (फोकल लेंग्थ भागिले आरशाचा व्यास) पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या आकाराच्या पाचपट ठेवावा, असा ठोकताळा आहे. माझ्या एएसआय २२४ एमसी कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा, म्हणजे एफ/१८-१९. फोकल लेंग्थ तीनपट करणाऱ्या बार्लो भिंगाने तेवढा मिळतो. मग एका पिक्सेलमध्ये ०.२१५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) मावतात आणि प्रतियुतीच्या (गुरू सूर्याच्या बरोबर समोर असण्याच्या) सुमाराचा ४६ विकलांचा गुरू २१४ पिक्सेल रुंद येतो. या कॅमेऱ्याला अवरक्त प्रकाशही दिसतो, म्हणून यूव्ही-आयआर कट फिल्टर हवाच.

मोटर नसलेल्या डॉबमध्ये पृथ्वीच्या फिरण्यामुळे गुरू पूर्ण फ्रेममधून साधारण सतरा सेकंदांत निघून जातो. फाइंडरने (नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीने) त्याला कडेला आणायचं, हात काढायचा, नळीची थरथर थांबली की रेकॉर्ड. एक्स्पोजर १० मिलिसेकंद: तेवढ्यात गुरू ०.१४ विकला सरकतो, पिक्सेलपेक्षा कमी. गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) असा, की हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ६०-७० टक्क्यांवर राहील. सेकंदाला १०० फ्रेम म्हणजे दर सेकंदाला १२७ एमबी. जुन्या हार्ड डिस्कला हे झेपत नाही आणि फ्रेम गळतात. एसएसडी घ्या.

सगळ्यात जास्त वेळ फोकसवर घालवावा. गुरूच्या पट्ट्यांवर डोळा फसतो. त्यापेक्षा एखादा उपग्रह बारीकात बारीक ठिपका होईपर्यंत बघावं. नॉबला कपड्याचा चिमटा लावला की बोट हलकं फिरतं आणि नळी कमी हादरते. दर दोन व्हिडिओंनंतर पुन्हा तपासायचं, कारण रात्र थंड होते तशी नळी आखडते.

जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला गुरू मिथुनेत होता, म्हणजे पुण्यातून मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर. ऐकायला छान, पण डॉब तिथे आडवी फिरवताच येत नाही. दीड तास आधी, साधारण ७० अंशांवर, काम उरकावं.

सहा व्हिडिओ तीन मिनिटांच्या आत संपवायचे. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे चकतीच्या मध्यावरचे तपशील मिनिटाला पिक्सेलभर सरकतात. जास्त लांबवलं तर विनजुपोस या सॉफ्टवेअरमध्ये डीरोटेशन करावं लागतं, म्हणजे हे फिरणं भरून काढावं लागतं.

मग व्हिडिओ जोडून कापणारं सॉफ्टवेअर पीआयपीपी: प्लॅनेटरी मोड, जॉइन, ४०० × ४०० क्रॉप, आउटपुट एसईआर (व्हिडिओ फाइलचा प्रकार). ‘प्रोटेक्ट बेयर पॅटर्न’वर (सेन्सरवरच्या रंगीत फिल्टरांची मांडणी जपण्यावर) टिक विसरलात तर पुढे रंगांची जाळी उठते आणि सगळं पहिल्यापासून. फ्रेम रचणाऱ्या ऑटोस्टॅकर्टमध्ये दहा हजारांतल्या सर्वोत्तम १५-२० टक्के फ्रेम घ्याव्यात. १६०० फ्रेमने नॉइज (चित्रातला रवाळपणा) चाळीसपटीने कमी होतो. अलाइनमेंट पॉइंट (फ्रेम जुळवण्यासाठीचे चौकोन) फार लहान ठेवले तर ते नॉइजलाच तपशील समजतात आणि चित्रावर सांधे दिसतात.

शेवटी रजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरच्या वेव्हलेटमध्ये (तपशील धारदार करणाऱ्या स्लायडरांत) हात आवरावा. पहिला स्लायडर ओढला की पट्टे लगेच खुलतात, पण गुरूच्या कडेला पांढरी किनार उगवली तर दोन पावलं मागे या. ती किनार गुरूची नाही, स्लायडरची आहे.