आठ मिलिमीटर

मेंदूतल्या गाठीचे दोन वर्षांतले चार एमआरआय. पहिला सोडला तर प्रत्येक रिपोर्टखाली एकच ओळ: ‘आधीच्या स्कॅनच्या तुलनेत लक्षणीय बदल नाही.’ पेशंट 41 वर्षांचा, ठाण्यात रिक्षा चालवणारा. फिट एकदाच आली, तेव्हापासून रिक्षा भावाकडे.

मी सीडी मागवल्या. (फिल्मचे व्हॉट्सॲप फोटो चालत नाहीत हे रोज सांगतो, रोज तेच येतात.) पहिला आणि चौथा फ्लेअर (एमआरआयमधली गाठ पांढरी दाखवणारी चित्रं) शेजारी लावला. सरासरी व्यास तेव्हा 31 मिमी, आता 39. या गाठी वर्षाला साधारण 4 मिमी वाढतात, म्हणजे दोन स्कॅनमधल्या आठ महिन्यांत पावणेतीन. स्लाइसच 5 मिमीची, त्यात ते कुठे दिसणार? खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. पहिली सीडी मात्र कुणीच उघडली नव्हती.

गाठ डाव्या फ्रंटल लोबमध्ये, वाचेच्या भागाला चिकटून. म्हणून जागेपणी ऑपरेशन: पेशंट चित्रांची नावं सांगत राहतो, आम्ही वाचेची जागा शोधतो. परदेशी चित्रसंचात हार्प, इग्लू असतं. पेशंट अडला तर दोष मेंदूचा की चित्राचा? आमच्या स्पीच थेरपिस्टने लाटणं, सूप, किसणी, कंदील काढून घेतलेत. आदल्या दिवशी जे कार्ड अडेल ते बाद. डोक्याच्या कातडीत ब्युपिव्हाकेन, करंटने तेवढी जागा क्षणभर गप्प करणारा प्रोब 60 हर्ट्झवर, करंट 2 मिलिअँपिअरपासून वर. बर्फगार रिंगर लॅक्टेट हाताशी, करंटने फिट आली तर थेट मेंदूवर ओतायला.

4 मिलिअँपिअरला लाटण्याचं कार्ड आलं. “हे... हे आपलं... पोळ्यांचं...” प्रोब उचलला. “लाटणं!” तिथेच तीनदा लावला, तीनदा अडला. तेवढी गाठ सोडली.

पॅथॉलॉजीत आयडीएच जनुकात म्युटेशन, 1पी आणि 19क्यू हे गुणसूत्रांचे दोन्ही तुकडे गायब: ऑलिगोडेन्ड्रोग्लिओमा, म्हणजे मेंदूची हळू वाढणारी गाठ, ग्रेड 2. ट्यूमर बोर्डात, म्हणजे उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बैठकीत, मतं फुटली. चाळिशीपुढचा, गाठ शिल्लक, म्हणून एक बाजू रेडिएशन, 54 ग्रे (रेडिएशनच्या डोसचं माप) 30 फेऱ्यांत, आणि मग पीसीव्ही ही तीन औषधांची केमोथेरपी. अशाच पेशंटांच्या चाचणीत पीसीव्ही जोडल्यावर मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट जिथवर जगले ते) 7.8 वरून 13.3 वर्षांवर गेलं होतं. दुसरी बाजू वोरासिडेनिब, आयडीएच म्युटेशनवरची गोळी, रोज 40 मिग्रॅ, लिव्हरवर लक्ष ठेवून. त्याने गाठ मध्यक 11.1 ऐवजी 27.7 महिने थोपली. आयुष्य वाढल्याचं अजून त्यात दाखवलेलं नाही. रेडिएशनने पुढे स्मरणशक्ती मंदावू शकते, हे घरच्यांना कुणी नीट सांगत नाही. शेवटी रेडिएशनच ठरलं.

ऑपरेशनच्या नॅव्हिगेशनवर (मेंदूतली जागा स्कॅनवर दाखवणारं यंत्र) मी नंतर पहिला स्कॅन चढवून पाहिला. लाटण्याची ती जागा आणि गाठीची कड यांच्यात तेव्हा फट होती.